घाटाखालचं बंदर

कोबीची पोती ओली होती. वेंगुर्ल्याच्या बाजारात सकाळचे सात वाजत होते, टेम्पोतून भाजी उतरत होती, आणि इथं तर रात्रभर आभाळ स्वच्छ होतं. उतरवणाऱ्या पोरानं पोत्यावरचा हात हाफपँटला पुसला आणि पाटावर बसलेल्या भाजीवालीला म्हणाला, "आंबोलेक धुका होता." ती म्हणाली, "घाल थंय." दोघांच्या लेखी विषय संपला. मी मात्र चहाचा ग्लास घेऊन त्या पोत्यांकडे बघत उभा राहिलो, कारण ती माझ्या गावची होती. आदल्या संध्याकाळी बेळगावात भरलेला कोबी, ढबू मिरची, कोथिंबिरीच्या जुड्या. रात्रीत आंबोलीच्या धुक्यातून भिजत खाली उतरलेल्या. जाताना ह्याच रस्त्यानं कुणीतरी बर्फातला बांगडा घेऊन वर जाणार. खाली भाजी, वर मासळी. हे चक्र कधी सुरू झालं ते त्या पोराला ठाऊक असण्याचं कारण नाही आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही.

बेळगावच्या माणसाला तुमचा समुद्र कुठला असं विचारलं तर आजची पोरं गोवा म्हणतील. त्यात चूक काही नाही, चोर्ल्याच्या घाटानं पणजी जवळच पडते. पण माझ्या आजीच्या पिढीला गोवा म्हणजे परमुलूख होता. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं, नाक्यावर झडती होती. त्यामुळं आमच्या घरी समुद्र म्हणजे वेंगुर्ला. मे सरत आला की खारा बांगडा, सुकट, गोलमा यांची पावसाळ्याची बेगमी व्हायची, आणि माळ्यावरच्या डब्याला जो वास लागायचा तो दिवाळीच्या साफसफाईपर्यंत हटायचा नाही. शेजारी शाकाहारी होते. भली माणसं, कधी बोलली नाहीत; नुसती त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. मी समुद्र पाहिला फार उशिरा. त्याचा वास मात्र घरात आधीपासून राहायला होता.

बेळगाव ते वेंगुर्ला हा सगळा मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता, पण तो डोळ्यांपेक्षा अंगाला जास्त कळतो. चंदगड तालुक्यातला ऊस आणि भातखाचरं मागं पडतात, मग आंबोली. समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटर. पण वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पिणारं हे गाव कुठल्याही महिन्यात थोडं ओलसरच असतं. तिथं चहा प्यावा, कांदाभजी खावी, आणि वळणांना सुरुवात झाली की गप्प बसावं. दाणोलीच्या आसपास कानातला दडा सुटतो. सावंतवाडीला स्वेटर पिशवीत जातो. तिथून पुढं चिऱ्याचे गडगे, माडांची दाटी, अंगणातला मांडव, कौलांवरचं शेवाळ, आणि हवेला असा एक चिकट ओलावा की शर्टाची कॉलर मानेशी सलगी करू लागते. समुद्र अजून दिसलेला नसतो. वेंगुर्ल्याची गंमतच ही, की बाजारात पोचलं तरी तो दिसत नाही. गाव डोंगरउतारावर, झाडांच्या पोटात बसलेलं आहे. बंदराकडचा रस्ता धरून तळाशी गेलात तर अचानक सगळं उघडं होतं. जेटी, टेकडीवरचा दीपगृहाचा मनोरा, दूरवर गेलेली उभादांड्याची पांढरी पट्टी. रस्ता असा थेट पाण्यापाशीच येऊन थांबतो.

खरं तर तो पाण्यापासूनच निघालेला आहे. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांच्या हातात गेलं आणि १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला. बेळगावात पुढं लष्कराचा मोठा तळ पडला, आणि तळाला लागणारी प्रत्येक वस्तू मुंबईहून गलबतानं वेंगुर्ल्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं घाट चढून वर येऊ लागली. आधी रामघाटाची वाट होती. गाड्यांना सोयीचा आंबोलीचा रस्ता नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. आंबोली नावारूपाला आली ती ह्याच रस्त्यावरचा मुक्काम म्हणून. बैलांना दम खायला आणि साहेबांना थंड हवा खायला. गोऱ्या शिपायांची दारू, औषधं, बुटांचं कातडं, बायबलं, पियानो असं सगळं ह्या वाटेनं गेलं असणार. देशावरचा कापूस नि धान्य खाली आलं. मिठाची ये-जा तर त्याहून कितीतरी जुनी.

आमच्या घरी काचेची एक हंडी होती, फिकट जांभळी, कडेला झालर असलेली. ती वेंगुर्ल्याच्या वाटेनं आली असं सांगत. कुणी आणली, कशासाठी, ह्यावर घरात एकमत नव्हतं. पण गवतात गुंडाळून, बैलगाडीतून, घाटाची सगळी वळणं पार करून ती तडा न जाता वर पोचली ह्यावर होतं. पुढं अनेक वर्षांनी माझ्या काकानं रबरी चेंडूनं ती दिवाणखान्यातच फोडली. मला त्या हंडीपेक्षा त्या गाडीवानाबद्दल कुतूहल वाटत आलं आहे. रात्री घाटात थांबल्यावर तो काय खात असेल? भाकरी वरची आणि कालवण खालचं, असंच काही असणार.

मग १८८० च्या दशकात आमच्याकडं रेल्वे आली. सदर्न मराठा रेल्वेचे रूळ बेळगावला पोचले, आणि गोव्यातल्या मुरगाव बंदरातून निघालेली पोर्तुगीज लाइन घाट चढून कॅसलरॉकपाशी त्या जाळ्याला मिळाली. घाटावरच्या मालाला आता बैलगाडीची आणि वेंगुर्ल्याची गरज उरली नाही. बंदर कुणी बंद केलं नाही. वादळानं मोडलं नाही, गाळानं भरलं नाही, कुणी हल्ला करून जाळलं नाही. शंभरेक किलोमीटरवर कुणीतरी दोन लोखंडी पट्ट्या टाकल्या, एवढंच. गावात त्या दिवशी दवंडी पिटण्यासारखं काही घडलंच नसेल. एका हंगामात गाड्या थोड्या कमी आल्या असतील, पुढच्या हंगामात आणखी थोड्या, आणि व्यापारी म्हणाले असतील की यंदा पाऊस लांबला. बेळगावात तेव्हा स्टेशनावर हारतुरे झाले असतील. आमच्या गावाच्या भाग्याचा दिवस म्हणून तो सांगितला जातो. खालच्या टोकाला त्या दिवसाचं काय झालं हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आज वेंगुर्ल्यात गाडीअड्डा आहे, तिथं बैलगाड्या नाहीत. कॅम्प आहे, तिथं पलटण नाही. मुलं क्रिकेट खेळतात. १८७६ पासून नगरपालिका आहे आणि वस्ती मात्र बारा-साडेबारा हजारांच्या घरातली. एवढ्या लहान गावाला एवढी जुनी नगरपालिका, हे त्या गेलेल्या वैभवाचं मागं राहिलेलं माप म्हणायचं. जुन्या मार्केटात शिरलं की माणूस कमी नि छप्पर मोठं असं वाटतं. एका मिशनऱ्याच्या दवाखान्याची आठवणही इथं आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन इथं काम करत, आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ च्या १५ ऑगस्टला वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. रॉबर्टच्या जन्मानंतर दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, इथंच कवी मंगेश पाडगावकर जन्मले. दोघंही गेले बाहेरच. वेंगुर्ल्याला त्याची सवय असावी.

मी डच वखार पहिल्यांदा पाहिली ती भर दुपारी, आणि ती वेळ चुकीची नाही. जांभ्या दगडाच्या उंच भिंती उभ्या आहेत, छप्पर केव्हाच गेलेलं आहे, आणि ऊन सरळ जमिनीपर्यंत येतं. कमानींच्या सांध्यात झाडांनी मुळं रोवलेली. ही मुळं भिंत पाडतायत की धरून ठेवतायत हे सांगणं अवघड. पुरातत्त्व खात्यालाही बहुधा हाच प्रश्न पडत असावा. वास्तू संरक्षित आहे. आत पानं पडलेली, एक सरडा, आणि चिऱ्याला दुपारी येतो तसा भाजल्या मातीचा वास. मी भिंतीला हात लावला. जांभा खरखरीत, भोकाभोकांचा. बोट घातलं तर आत गार. डच इथं आले ते १६३७ च्या सुमाराला, आदिलशाहीची परवानगी घेऊन. पण त्यांचा डोळा वेंगुर्ल्यावर नव्हता, गोव्यावर होता. पावसाळा उलटला की त्यांची जहाजं मांडवीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, पोर्तुगिजांची कोंडी करायची, आणि त्या जहाजांना पाणी, रसद, बातम्या इथून पोचायच्या. बातम्यांना तर तोटाच नव्हता. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्यांना डचांच्या पत्रांचा जो आधार मिळतो, त्यातली कितीतरी पत्रं ह्याच वखारीतून लिहिली गेली. महाराजांच्या हालचाली, आदिलशाहीचा गोंधळ, कोणता किल्ला कुणी घेतला, मिरीचा भाव काय. कुणीतरी परक्या मुलखातला कारकून, घामानं कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली फडकं घेऊन, ह्या भिंतींआड बसून आपला इतिहास लिहीत होता. तो त्याच्या दृष्टीनं धंद्याचा अहवाल होता.

ह्या गावात जो कुणी बाहेरून आला तो पडवीत बसल्यासारखा बसला, असं मला तिथं वाटलं. घर पाहायचं सोडून त्याची नजर रस्त्यावर. डचांना गोवा हवा होता, इंग्रजांना बेळगाव. आमच्यासारख्यांना मासळी आणि थोडी हवा. माजघरात काय चाललंय ते बघायला सहसा कुणी आत वळलं नाही.

माजघरातली माणसं पहाटे उभादांड्याच्या वाळूत भेटतात. तिथं अजून रापण लागते. होडी जाळं घेऊन किनाऱ्यापासून आत जाते, मोठा अर्धगोल घेऊन दुसरीकडून परतते, आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर येतात. मग दोन रांगा. वीस-पंचवीस माणसं एका दोराला, तेवढीच दुसऱ्याला. पाठ जमिनीकडे, टाचा वाळूत रुतवून मागं मागं सरकायचं. शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पळत पुढं जाऊन पुन्हा पहिला होतो. म्हातारे, शाळेत जायच्या आधीची पोरं, बाया. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नुसता पाण्यातला ताण. जाळं जवळ आलं की दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, आवाज चढतो, आकाशात घारी गोळा होतात. आणि शेवटच्या काही हातांत पाणी एकदम चांदीसारखं फुटतं. पेडवे, तारले, बांगडे. एखादा चुकार सरंगा. कुर्ल्या, ज्यांना कुणी बोलावलेलं नसतं. ज्यानं हात लावला त्याला वाटा. वाटण्या करताना जो हिशेब चालतो तो कागदावर कुठं नाही. होडीचा किती, जाळ्याचा किती, विधवा बाईच्या घरचं कुणी ओढायला नसलं तरी तिचा किती, हे सगळं जुन्या माणसांच्या तोंडावर असतं आणि त्यावर भांडणंही भरपूर होतात.

आता भांडणं निराळी आहेत. पर्ससीनच्या मोठ्या बोटी आणि रात्रीचे एलईडी दिवे थवेच्या थवे बाहेरच उचलतात, किनाऱ्यापर्यंत मासा येतच नाही, अशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे आणि त्यासाठी मोर्चे, उपोषणं, समुद्रातल्या पाठलागांपर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. मी पाहिली त्या सकाळी दोन तास ओढून रापणीत जे आलं ते चार-पाच टोपल्यांच्या वर नव्हतं. कुणी कपाळाला हात लावला नाही. एकानं जाळ्यातून प्लास्टिकची चप्पल सोडवली, जोडीची दुसरी दिसते का पाहिलं, आणि फेकून दिली.

बाजूला मासे निवडत बसलेल्या बाईनं मला विचारलं, "खयसून इल्यात?"

"बेळगावहून, मावशी."

"थंय बांगडो कितक्याक गावता?"

मी सांगितलं. तिनं हातातला बांगडा खाली ठेवला. मनात आकडेमोड केली, ती तिच्या ओठांवरून दिसत होती. इथला भाव, बर्फ, टेम्पोचं भाडं. मग म्हणाली, "मगे मधल्यानीच खाल्ल्यानी." आणि पुन्हा बांगडा उचलला. इतक्या वर्षांच्या देवाणघेवाणीचा अर्थ मी पुस्तकांतून काढत होतो. तिला एका वाक्यात, माझ्याच गावच्या भावावरून लागला होता. मी दोन वाटे घेतले. तिनं त्यात वरून चार बांगडे टाकले आणि तिरफळं विसरू नका म्हणून बजावलं, कारण घाटावरच्या माणसांवर ह्या बाबतीत तिचा विश्वास नव्हता. तो योग्यच होता. आमच्याकडं तिरफळं भांड्यात पडतात ती मोजून, औषधासारखी.

समुद्रानं हात आखडता घेतल्यावर हे गाव टेकड्यांकडं वळलं असं म्हणता येईल, निदान काही अंशी. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. पण वेंगुर्ल्याचं नाव त्याला चिकटलं ते अलीकडं. १९५७ पासून इथं फळ संशोधन केंद्र आहे, आणि तिथं निघालेल्या काजूच्या जाती 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा नावांनी लांब लांब लागल्या आहेत. ज्या बागायतदारानं हे गाव नकाशावरही पाहिलेलं नाही, तोसुद्धा खड्डा खणून वेंगुर्ला लावतो. जहाजांच्या काळातही ह्या नावानं एवढा प्रवास केला नसेल.

एका काजूच्या कारखान्यात मी थोडा वेळ बसलो होतो. कारखाना म्हणजे लांबट पडवी, पत्र्याचं छप्पर आणि पंधराएक बायका. वाफवून निववलेली बी यंत्राच्या दोन पात्यांमध्ये ठेवायची, पायानं दाब द्यायचा, हातानं दांडा फिरवायचा. कवच दोन बाजूंना उघडतं आणि आतला गर टोकदार सळईनं अलगद सोडवायचा. जोर जास्त झाला तर गर फुटतो आणि अख्ख्याची पाकळी होते, पाकळीची कणी. प्रत्येक पायरीला भाव उतरतो. कवचातलं तेल कातडीला जाळतं. बायकांची बोटं त्यामुळं काळी, नखांच्या कडा सोललेल्या. पलीकडच्या टेबलावर भट्टीतून आलेल्या गरांची साल निघत होती आणि प्रतवारी चालली होती. बाजारात ज्याला तीनशेवीसचा म्हणतात तो म्हणजे पौंडाला फार तर तीनशेवीस गर भरतील एवढ्या आकाराचा. एक बाई न बघता, शेजारणीशी मुलीच्या लग्नाबद्दल बोलता बोलता, गर तीन टोपल्यांत टाकत होती. मी विचारलं, मोजून बघता का कधी? ती हसली. "मोजूक कशाक होया? हाताक कळता." तरी तिनं माझ्यासाठी एक मूठ काट्यावर टाकली. काट्याचं आणि तिच्या हाताचं जमलं. शेजारीण म्हणाली, "आता पगार वाढवून देतले तुका." सगळ्या हसल्या. मुकादम हसला नाही.

आगबोटीची गोष्ट इथं प्रत्येक साठीच्या पुढचा माणूस सांगतो आणि प्रत्येकाची थोडी निराळी असते. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला यायची आणि पुढं पणजीला जायची. बोट बाहेर खोल पाण्यात उभी, आणि माणसं, ट्रंका, वळकट्या, कोंबड्या पडावातून किनाऱ्यावर. लाटेच्या वरच्या टोकाला पडाव आला की उडी मारायची, खालच्या टोकाला नाही. ह्या एका सूचनेवर पिढ्या तरल्या. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी गणपतीला ह्याच बोटीनं यावा म्हणाल तर तेही नाही, कारण पावसाळ्यात बोट बंद. त्याला दर्या शांत होईपर्यंत वाट पाहावी लागे, नाहीतर कोल्हापूरमार्गे, घाटांनी, एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ती प्रवासी बोटही थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा ती कुडाळवरून, सावंतवाडीवरून गेली; वेंगुर्ल्याला दुसऱ्यांदा रूळ चुकले. २०२१ च्या ऑक्टोबरात ह्याच तालुक्यात, चिपीच्या माळावर, विमानतळ झाला. विमानं कधी सुरू असतात, कधी रद्द होतात. जेटीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना विमानांच्या वेळापत्रकाबद्दल जे ठाऊक असतं ते कंपनीलाही नसेल, इतक्या ठामपणे ती सांगतात.

ह्या जेटीवरून हवा स्वच्छ असली तर वायव्येला खडकांचा एक पुंजका दिसतो. इंग्रजी नकाशांवर ते वेंगुर्ल्याचे खडक. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात, लाळेनं विणलेली घरटी करून. त्या घरट्यांचं सूप पूर्वेकडच्या देशांत सोन्याच्या भावानं विकलं जातं, त्यामुळं ती चोरून काढून नेणारी टोळी इथवर पोचली होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी तो प्रकार उघडकीला आणला आणि घरट्यांच्या राखणीसाठी खटपट केली. पक्ष्याची लाळसुद्धा इथून परदेशी जाणार होती, म्हणजे वेंगुर्ल्याच्या परंपरेला धरूनच. इकडं गावात पालिकेनं आपल्या कचऱ्याच्या डेपोचं उद्यान केलं आहे, ते पाहायला लोक तिकडं सहली काढतात. मीही गेलो. दुर्गंधी खरंच नाही. कचरा वेगळा करणाऱ्या बायका आणि काजू निवडणाऱ्या बायका यांच्या हातांची लय तीच आहे.

इथल्या देवांचंही निराळं आहे. सातेरी ही वारुळाच्या रूपातली, मातीतून वर आलेली. ती हलत नाही. शिरोड्याच्या अलीकडं आरवलीला वेतोबा, तो मात्र चालतो. रात्री गावाच्या राखणीला तो फेरी मारतो, चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला मोठाल्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड आणून ठेवतात. जयवंत दळवींच्या गावचा हा देव. झिजलेले तळवे दाखवणारे लोकही भेटतात. मला त्या चपला पाहताना दर वेळी एकच प्रश्न पडतो, की ह्यानं कधी घाट चढला असेल का. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्याच शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिकवत होते. वेतोबा त्या सगळ्यांना रात्री ओलांडून गेला असणार.

कार्तिकापासून जत्रा लागतात आणि मग रात्री झोपायच्या उरत नाहीत. पार्सेकर, खानोलकर अशी दशावताराची मंडळं ह्याच भागातली. रंग चेहऱ्यावर चढवायचा तो ज्यानं त्यानं, हातात आरसा धरून, देवळाच्या मागं पेट्रोमॅक्सच्या जागी आता आलेल्या एलईडीच्या उजेडात. पाठांतर नाही, संहिता नाही. कथा ठरते आणि संवाद रंगमंचावर जन्मतात. राजे पल्लेदार पुस्तकी मराठीत बोलतात, बाकीचे मालवणीत, आणि पेटी-पखवाज दोघांनाही सांभाळून घेतात. मध्यरात्री आडदशावतारानं सुरुवात, पहाटे दहीकाला. आसपासच्या एका गावात, वाळूत अंथरलेल्या ताडपत्रीवर, मी खाज्याचा पुडा घेऊन बसलो होतो. पहाटेचे तीन झाले असतील. कथा होती कुठल्या तरी राक्षसाच्या उन्मादाची, पण राजा आणि प्रधान भलतीकडेच निघाले होते.

राजानं कमरेच्या तलवारीवर हात ठेवला. "प्रधानजी, आमच्या राज्यात पुष्पक विमान अवतरल्याची वार्ता आमच्या कर्णी आली आहे. सत्य काय?"

"सत्य, महाराज. चिपयेक विमान इला."

"उत्तम! मग त्यातून उतरलेले पाहुणे आमच्या नगरीत कोठे उतरले आहेत?"

"उतारले खय! दारातसूनच विचारूक लागले, मालवण खयच्या वाटेक म्हणान."

ताडपत्री हादरली. राजा क्षणभर अडखळला. ओठ दाबून, मुगुट सावरून, त्यानं स्वतःला पुन्हा सिंहासनावर आणलं. "तर त्यांस सांगा, प्रधानजी, की वाट आमच्याच अंगणातून जाते. चहा प्राशन करून मग प्रस्थान ठेवावे."

मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "आणि चायचे पैशे कोण देतलो?"